पोटावरचे सहा डाग

पुणे, ३ नोव्हेंबर २०२५

ती. मंगलामावशींना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. पहिल्या पंधरा दिवसांत मी किती वेळा फोन केला ते तुमच्या मोबाइलवर दिसतच असेल. दहावीनंतर हाताने मराठीत एवढं कधी लिहिलेलं नाही. अक्षराला हसू नका.

काका गेल्याला दीड महिना झाला. मी तेव्हा यायला हवं होतं. तिकीट काढलं होतं आणि रद्दही केलं. तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही, हेच त्याचं खरं कारण आहे. अंबरपेठेत तुमच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं काढली. भाडेकरू मी फक्त पहिला महिनाभर होते. रोज सकाळी काका जिन्यात उभे राहून ओरडायचे, "पुणेकर, चाय ठंडी होतेय, उतरा खाली!" इथे पुण्यात आल्यापासून मी चहा करून घेते आणि तो तसाच निवतो.

मावशी, १५ सप्टेंबरला संध्याकाळी तुम्ही मला फोन करून विचारलंत, "यांचं सातचं इंजेक्शन झालंय का, तुझ्या मशिनीत बघून सांग." मी इथून बघितलं. नावापुढे हिरवा ठिपका होता. मी म्हणाले, "सगळं हिरवं आहे मावशी, दिलंय." आमच्या कंपनीचं ते यंत्र काय करतं हे मी हॉस्पिटलांतल्या शेकडो लोकांना समजावून सांगितलंय. पेशंटच्या मनगटाची पट्टी स्कॅन करा, औषधाचं लेबल स्कॅन करा, बीप वाजला की हिरवा ठिपका, म्हणजे डोस दिला. वेळ टळली की लाल. तुम्हीही माझ्यावर विश्वास ठेवलात. त्या एका वाक्याची मला माफी मागायची आहे.

आणखी एक. काकांच्या वॉर्डातल्या सिस्टर स्नेहाला कामावरून थांबवलंय आणि तुमच्या तक्रारीवरून चौकशी लागली आहे असं कळलं. तिची नोकरी तर जाईलच, नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही जाईल म्हणतात. ती तेवीस वर्षांची आहे. चूक तिची असेलही, पण तुम्ही एकदा विचार करावा असं वाटतं.

तुमची,
प्राजक्ता


अंबरपेठ, हैदराबाद
१४ नोव्हेंबर २०२५

चि. प्राजक्ता हिस आशीर्वाद.

अक्षर बरंच आहे, माझ्या डॉक्टरांपेक्षा चांगलं. हसले नाही. हसायचं म्हणजे काय ते सध्या विसरल्यासारखं झालंय.

तू विचार करायला सांगतेस. तेहतीस वर्षं मी वॉर्ड सांभाळलाय मुली, विचार करूनच तक्रार दिली. आता नीट वाच, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस.

यांच्या खुब्याचं ऑपरेशन आठ तारखेला झालं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता पोटात एक इंजेक्शन. नऊ तारखेपासून सतरापर्यंत नऊ संध्याकाळी, नऊ इंजेक्शनं. अठराच्या सकाळी दात घासता घासता छातीत कळ आली आणि दहा मिनिटांत सगळं संपलं. गुठळी फुप्फुसात गेली होती. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन चालू असतानाही हे कधी कधी होतं, मॅडम, तुम्हाला तर माहीत आहे. मला माहीत होतं. मी मान डोलावली.

मग शेवटचं पुसणं मी माझ्या हातांनी केलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. या इंजेक्शनाने पोटावर निळा डाग पडतो. प्रत्येकाला पडतोच असं नाही, पण यांची कातडी इतकी पातळ झालेली की रक्तदाबाचा पट्टा बांधला तरी दंड निळा व्हायचा. मी डाग मोजले. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. पुन्हा मोजले, खिडकीचा पडदा सारून मोजले. सहाच होते. तुझ्या मशिनीत नऊ हिरवे ठिपके आहेत.

मेट्रनने बोलावून विचारलं तेव्हा स्नेहा रडत रडत म्हणाली, तीन संध्याकाळी राहिलं. स्कॅन केलं आणि अंकल म्हणाले, "जरा रुक बेटा, नंतर दे." ती नंतर म्हणून गेली आणि विसरली. पुढच्या पाळीच्या मुलीने हिरवं बघून हात लावला नाही. सुईला तर हे जन्माचे घाबरट. नर्सशी लग्न करून चाळीस वर्षांत स्वतःला एक धनुर्वाताचं इंजेक्शन नीट घेऊ दिलं नाही. पंधरा तारखेला मी भाकरी घेऊन वॉर्डात पोचले, तर चादर हनुवटीपर्यंत ओढून म्हणाले, "हौ, झालं माझं, तू परेशान होऊ नक्को." मला शंका आली. शर्ट वर करून बघायला दोन सेकंद लागले असते. पण खोलीत माझा दीर, जाऊ, त्यांचे व्याही सगळे बसलेले. चारचौघांत कुठे यांचं पोट उघडं करू, म्हणून बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन तुला फोन लावला.

वॉर्डातल्या माझ्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगायचे, कागद बघू नका, माणूस बघा. आणि मीच कागदसुद्धा न बघता पुण्याला फोन करून विचारत बसले. याचं मला रोज काय होतं ते तुला लिहून कळायचं नाही.

पण स्नेहाने सुई न टोचता 'दिली' म्हणून नोंद केली. ती विसरली म्हणून माझा माणूस गेला. तिला मी सोडणार नाही. बारा डिसेंबरला चौकशी आहे, मी जाणार आहे. त्या मुलीसाठी मला पुन्हा लिहू नकोस.

मंगला


पुणे, २२ नोव्हेंबर २०२५

ती. मंगलामावशी,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मग ऑफिसला सुट्टी टाकली. तुम्ही पुन्हा लिहू नकोस म्हणालात, पण हे लिहिल्याशिवाय मला राहता येणार नाही. वाचून तुम्ही माझं तोंड बघणार नाही असंही होईल.

मागच्या पत्रात मी एका वाक्याची माफी मागितली. ती खोटी होती, कारण मोठी गोष्ट मी लिहिलीच नव्हती. हिरवा ठिपका खोटा असू शकतो हे मला वर्षभरापासून माहीत होतं.

प्रत्येक स्कॅनची वेळ यंत्र सेकंदासकट लिहून ठेवतं. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मी वर्षाचा अहवाल करत होते. तुमच्या वॉर्डात संध्याकाळी सातच्या पहिल्या दीड मिनिटात अकरा पेशंटना इंजेक्शन दिल्याची नोंद होती. रोज तसंच. दीड मिनिटात अकरा जणांना कोण इंजेक्शन देईल? कापूस लावायलाही तेवढा वेळ पुरणार नाही. म्हणजे सिस्टर लोक सात वाजता सगळ्यांना स्कॅन करून टाकत होत्या आणि सुया नंतर देत होत्या. मी हे आमच्या मॅनेजरांना, अरविंद सरांना दाखवलं. ते म्हणाले, हॉस्पिटल खूश आहे, नव्याण्णव टक्के डोस वेळेवर दिसतायत, तू ही भानगड कशाला उकरतेस, अहवालातून तो सेकंदांचा रकाना काढून टाक. मी काढला. माझ्या हाताने काढला, मावशी, आणि त्या संध्याकाळी खाली येऊन तुमच्या हातची आमटी जेवले.

पंधरा सप्टेंबरलाही मला सेकंद दिसत होते. काकांचं स्कॅन सात वाजून नऊ सेकंदांनी आणि त्यांच्या शेजारच्या पलंगाचं सात वाजून सतरा सेकंदांनी. मी ते बघितलं आणि तरी "दिलंय" म्हणाले. तुम्ही काळजीत होतात, तुम्हाला बरं वाटावं एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

सोबत एक कागद जोडला आहे. दीड वर्षातल्या सातच्या स्कॅनच्या वेळा, सगळ्या सिस्टरांच्या. हा कागद चौकशीत ठेवलात तर एक गोष्ट स्वच्छ दिसेल. हे एकट्या स्नेहाने केलेलं नाही. अख्ख्या वॉर्डाची ती रीत होती आणि आमच्या लाल ठिपक्याने ती लावली होती. स्नेहा कामाला लागायच्या आधीच, एप्रिल २०२४ पासून, हे सुरू झालेलं दिसतं. तेव्हा तुम्ही इन्चार्ज होतात. तुमच्यासारख्या करड्या बाईच्या नजरेआड या मुलींनी हे कसं चालवलं याचं मला नवल वाटतं.

कागदावर माझं नाव आहे. कंपनीला कळलं तर काय होईल ते होवो.

प्राजक्ता


अंबरपेठ
३० नोव्हेंबर २०२५

चि. प्राजक्ता,

पत्र आणि कागद पोचला. पाहिला.

चौकशीत काय ठेवायचं आणि काय नाही ते मी बघते. तू तो कुठे पाठवू नकोस, मेट्रनला नाही, कुणालाच नाही. तुझी नोकरी सांभाळ. आईला विचारलं म्हणून सांग.

इथे सगळं ठीक. गुडघा दुखतो.

मंगला


पुणे, ८ डिसेंबर २०२५

ती. मावशी,
नमस्कार.

तुमचं चार ओळींचं पत्र वाचून रडू आलं. मी एवढं केल्यावरही तुम्ही माझ्या नोकरीची काळजी करता. तुम्ही म्हणता म्हणून मी कागद कुणाला पाठवलेला नाही. शुक्रवारी तुम्ही तो ठेवालच, माझ्यापेक्षा तुमच्या शब्दाला तिथे जास्त वजन आहे.

काल स्नेहाचा फोन आला होता. ती निजामाबादला आईकडे आहे, चौकशीपुरती येणार आहे. मी तिला विचारलं, "आधी स्कॅन करायचं हे तुला कुणी शिकवलं? ते सांग ना त्या लोकांना, तुझ्यावरचा भार कमी होईल." तिने विषयच बदलला. मग मी म्हटलं की मंगलामावशी तुझ्या बाजूने कागद ठेवणार आहेत, तेव्हा मात्र रडायला लागली. तुमचा अजून किती धाक आहे बघा. मी तिला सांगितलं, घाबरू नको, मावशी वरून कडक आहेत, अन्याय त्यांना कधी बघवत नाही.

शुक्रवारी काय झालं ते लगेच कळवा. मी वाट बघते.

तुमची,
प्राजू


अंबरपेठ
४ जानेवारी २०२६

चि. प्राजू,

शुक्रवारी काय झालं ते कळवायला मला तीन आठवडे लागले. मधे तुझे दोन फोन आले, मी फोन हातात घेऊन बसून राहिले. आता सगळं एकदमच लिहिते.

आधी स्कॅन करायचं हे त्या मुलींना मी शिकवलं. एप्रिल २०२४ मध्ये.

तुझं यंत्र फेब्रुवारीत बसलं. सातची वेळ म्हणजे भेटायला येणाऱ्यांची वेळ. कुणाच्या तोंडात घास असतो, कुणी बाथरूममध्ये, कुणी मगरिबची नमाज पढत बसलेलं. सुई घेऊन त्यांच्या छाताडावर उभं राहायचं काय? आम्ही नेहमी थांबायचो. पण थांबलं की लाल. महिन्याच्या शेवटी मेट्रनच्या केबिनबाहेर लाल ठिपक्यांची यादी लागायला लागली, नावानिशी. माझ्या वॉर्डातल्या दोन चांगल्या मुलींना नोटीस आली, का तर त्यांनी म्हाताऱ्या माणसाला सावकाश जेवू दिलं. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आधी वाजवा, मग टोचा. सात वाजता सगळ्यांना बीप करून टाका. मशीन खूश, मेट्रन खूश. सुया आपण आपल्या वेळेने देऊ." मोठा शहाणपणा केला असं मला वाटलं. घरी येऊन यांना सांगितलं, तर हे टाळी देऊन हसले.

मी असेपर्यंत निभावलं, कारण माझा ट्रे होता. प्रत्येक पेशंटची भरलेली सिरिंज त्याच्या नावाच्या चिठ्ठीसकट ट्रेमध्ये. ट्रे रिकामा झाल्याशिवाय मी कुणाला ड्यूटी सोडू देत नसे, मग पडद्यावर काही का दिसेना. मी गेल्या वर्षी जानेवारीत रिटायर झाले आणि महिन्याभरात मेट्रनने ट्रे बंद केले. मशीन आहे ना, आता ट्रेचं काय काम. मुलींकडे माझा अर्धा धडा राहिला. स्नेहाला तर तो माझ्या मुलींकडून, माझ्या नावानिशी मिळाला, तिने माझा ट्रे कधी पाहिलाही नाही.

आणि तुला वाटेल की नवऱ्याच्या दुःखात मावशी हे विसरली असेल. नाही. तुला पहिलं पत्र लिहिताना सगळं आठवत होतं. तक्रार देतानाही आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच एवढं तोडून लिहिलं. कुणाचा तरी दोष ठरेपर्यंत मला अन्न जात नव्हतं, आणि तो माझा ठरला तर मी जगले नसते असं वाटायचं. तुझा कागद आला तेव्हा मी पहिल्यांदा एप्रिलची ओळ शोधली. त्यात माझं नाव नाही हे बघून मला बरं वाटलं. काय बाई आहे मी! तुझी नोकरी सांभाळ म्हणाले ती काही तुझी काळजी नव्हती. कागद बाहेर येऊ नये म्हणून लिहिलं होतं, आणि तू त्यावर रडलीस.

बारा तारखेला गेले. कागद पर्समध्ये होता. मोठं टेबल, पाच माणसं, माझ्यासमोर ती मुलगी, तेल लावून वेणी घातलेली, परीक्षेला आल्यासारखी. त्यांनी विचारलं, आधी स्कॅन करायला कुणी सांगितलं? तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच. बराच वेळ पाहिलं. मी समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायले. मग ती म्हणाली, "किसीने नहीं सर. मेरी गलती है." पुढे मला विचारलं, मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय? मी म्हटलं, जे लिहून दिलंय तेच. पंधरा मिनिटांत चौकशी आटोपली. बावीस तारखेला हुकूम निघाला, तिला काढून टाकलं आणि नर्सिंग कौन्सिलला लिहिलं.

मी जिंकले ना? घरी येऊन यांच्या फोटोसमोर बसले आणि दिवा न लावताच उठले.

अठ्ठावीसला बस पकडून निजामाबादला गेले. पत्ता नर्सेस हॉस्टेलच्या मुलींनी दिला. तिची आई विड्या वळत बसली होती. मला ओळखत नव्हती, बिचारीने पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली. स्नेहा आतून आली आणि माझ्या पाया पडली. मी तिचे हात धरले आणि सगळं बोलले. चूक माझी, धडा माझा, मी कौन्सिलला लिहून देते, प्राजक्ताचा कागद जोडते, तुझं रजिस्ट्रेशन परत आणते. खूप बोलले. ती ऐकत होती. म्हणाली, "नक्को मॅडम. अब सुई पकडी तो हाथ काँपता." परवा शेजारच्या मुलाला इंजेक्शन द्यायला बोलावलं होतं, तर अर्ध्यातून परत आली. आता एका कापडाच्या दुकानात बसते.

मी म्हटलं, "अगं, तू त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?"

ती म्हणाली, "मैं तो पहले दिन से ठहरी थी मॅडम. आप बोलेंगे बोलके."

मी बोलेन म्हणून ती तीन महिने थांबली होती. तुझ्या फोननंतर तर तिला खात्रीच होती.

परतीच्या बसमध्ये बसायच्या आधी तिच्या आईने डबा भरून दिला. तिला अजून माहीत नाही मी कोण ते, मुलीने सांगितलं नाही. तो डबा मला मांडीवर धरवेना.

कौन्सिलला आणि हॉस्पिटलला काल आबिड्सच्या पोस्टातून पत्रं पाठवली, माझ्या सहीने, तुझ्या कागदासकट. हे यापूर्वी व्हायला हवं होतं. तुला त्रास होईल, तुझ्यापुरती माफी मागते. यांनी चादर ओढून घेतली, तू हिरवं सांगितलंस, स्नेहा विसरली, हे सगळं खरं आहे. पण त्या खोलीत बारा तारखेला मला कुणी फसवत नव्हतं, मला सगळं माहीत होतं, आणि ती मुलगी माझ्याकडे बघत होती.

मंगलामावशी